रक्ताची पाच मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, कुस्तीत माणसं आपटायची. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका शाळेच्या जिममध्ये माझं आयुष्य गेलं. मी नवी कोरी आले तेव्हा मुख्याध्यापकांनीसुद्धा बूट काढून माझ्यावर पाऊल ठेवलं होतं. पुढे शाळेचा सगळा जीव फुटबॉलवर जडला आणि माझ्या नशिबी चिकटपट्ट्यांची ठिगळं आली. त्याचा मला अजून राग येतो.

माझ्यावर काय काय फुटलं ते विचारूच नका. दात, भुवया, कानाच्या पाळ्या. एकाचा खांदा निखळला, तो आवाज मी विसरलेले नाही. पोरं रडायची, उठायची, पुन्हा भिडायची आणि ज्यानं चीत केलं त्याच्याच गाडीतून घरी जायची.

मग जोलीन व्होंद्रा आली. शाळा मुलामुलींची होती खरी, पण मुलींच्या वाट्याला व्हॉलीबॉल, नाच आणि बँड. कुस्ती मुलांची. जोलीनला तिच्या वजनगटात संघातली जागा हवी होती आणि त्या जागेवर ट्रेंट हॉफर होता. आमच्याकडे जागा मागून मिळत नाही, असलेल्याला सगळ्यांसमोर हरवून घ्यावी लागते. हरली असती तर हंगामभर भिंतीशी बसली असती.

पोरांनी ट्रेंटला आधीच डिवचलं होतं, "हरलास तर नाचात नाव घाल रे."

पहिल्याच पकडीत ट्रेंटनं कपाळ तिच्या नाकावर हाणलं. कचकन आवाज झाला आणि गरम रक्त माझ्यावर सांडलं. कोच डिट्मरनी त्याला दम देऊन घड्याळ लावलं. रक्त थांबवायला पाच मिनिटं, नाही थांबलं तर कुस्ती हरली, असा आमचा नियम. ट्रेंट गालात हसला. मेल्याला नियम पाठ होता.

औषधाच्या पेटीतला सगळा कापूस संपला तरी रक्त थांबेना. तेव्हा जोलीन उठली, तिनं आपल्या पिशवीतून पाळीच्या दिवसांत वापरायचा कापसाचा टॅम्पॉन काढला, कात्रीनं अर्धा केला आणि एक तुकडा नाकात कोंबला.

"चला," ती म्हणाली.

ट्रेंट पुन्हा तिच्या नाकावरच धावला. तिनं त्याची मान धरून असा हिसडा दिला की तो तोंडावरच माझ्यावर आदळला. आता नाक त्याचं फुटलं. घड्याळ पुन्हा लागलं. पेटीत कापूस नव्हता, टॉवेल लाल होत चालला. जोलीननं उरलेला तुकडा पुढे केला.

"घे. स्वच्छ आहे."

"मेलो तरी ते नाकात घालणार नाही."

"मरणार नाहीस. फक्त हरशील."

कोचही म्हणाले, घाल मुकाट्यानं. ट्रेंटनं मित्रांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं, तरी त्यानं टॉवेलच दाबून धरला. घड्याळ वाजलं. कोचनी जोलीनचा हात वर केला. ट्रेंटनं मला दोन लाथा घातल्या आणि ढसाढसा रडला. रडली जोलीनही. तिला तो चीत व्हायला हवा होता. मग तिनं बादली आणून दोघांचं रक्त माझ्यावरून पुसलं.

पुढच्या हिवाळ्यात ट्रेंट वजनानं वाढला आणि वरच्या गटात खेळू लागला. शेजारच्या शाळेच्या मुलानं त्याचं नाक पुन्हा फोडलं. घड्याळ लागलं. ट्रेंटनं मागे न बघता बाकाकडे हात पसरला. जोलीननं त्यावर टॅम्पॉनचा तुकडा ठेवला आणि त्यानं तो सगळ्या गावासमोर नाकात घातला.

आता मी गुंडाळून कोपऱ्यात उभी आहे. उंदीर मला कुरतडतात. मित्रांनो, गादीवर बूट घालून चढू नका. सांडलेलं रक्त लगेच पुसा. आणि तुम्ही ज्याला दुखावलंत त्यानंच औषध पुढे केलं, तर नाक मुरडू नका. ट्रेंटला ते कळायला एक वर्ष आणि दोन नाकं लागली.