एकाच नावाची दोन वायफाय

लेक वडिलांच्या घरात फोन घेऊन फिरली, तेव्हा एकाच नावाची दोन वायफाय दिसली. नाव सारखं ठेवता येतं, पण प्रत्येक यंत्राचा क्रमांक वेगळा असतो. तिने राउटर उलटा करून त्याखालचा क्रमांक फोनवर दिसणाऱ्या क्रमांकांशी ताडून पाहिला. दुसरं वायफाय तोतया होतं. शेजारून कोणीतरी लावलेलं, आणि खिडकीपाशी त्याचाच जोर जास्त होता.

"बाबा, पासवर्ड यालाच दिलात ना?"

"तूच म्हणालीस, ज्याच्या रेघा जास्त ते धरा. मी आपला आज्ञाधारक बाप."

म्हणाली होती खरी, फोनवर, घाईघाईत.

बाबांचा सगळीकडे एकच पासवर्ड. त्यामुळे स्वयंपाकघरातला कॅमेराही चोराच्या हाती लागला होता. आई गेल्यावर बाबांवर लक्ष राहावं म्हणून तो तिनेच बसवला होता. तिने नोंदी उघडल्या. तीन महिन्यांत तिच्या फोनवरून कॅमेरा दोनदा पाहिला गेला होता, आणि एका अनोळखी फोनवरून रोज सकाळी.

"सकाळी चहा घेताना मी तुला हात करतो," बाबा म्हणाले. "दिसतो ना गं?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"मी दोनदाच पाहिलं, बाबा. रोज बघणारा तो होता."

बाबांनी कप विसळून पालथा घातला.

"चोर नेमाचा निघाला म्हणायचा," ते हसून म्हणाले.

तिने नवा पासवर्ड टाकला.