चार बोटं डावीकडे

पूलच्या टेबलावर पहिला ब्रेक, म्हणजे रचलेले बॉल फोडायचा फटका, कुणाचा हे ठरवायला दोघांनी एकेक बॉल समोरच्या कडेला मारून परत आणायचा असतो. जो आपल्या कडेच्या जास्त जवळ थांबेल, त्याचा ब्रेक. माझा कुतैबाच्या बॉलपेक्षा दोन बोटं लांब थांबला. मी खुर्चीत जाऊन बसलो, आणि त्यानंतर टेबलापाशी गेलो तो फक्त कुतैबाला बॉल लावून द्यायला.

अबू नवाफच्या तळघरातल्या हॉलमध्ये नाइन-बॉलचा रिवाज असा आहे: डाव जिंकेल त्यानं पुढचा ब्रेक करायचा, हरेल त्यानं बॉल लावायचे. नऊ बॉल पतंगाच्या आकारात, एक नंबर टोकाला. पाडायचे नंबराच्या क्रमानं, आणि नऊ नंबर पाडेल त्याचा डाव. ब्रेकवर एखादा बॉल पॉकेटात गेला की ब्रेक करणाराच पुढे खेळतो. तो चुकला नाही, तर समोरच्याला उठायची वेळच येत नाही. कुतैबा चुकत नव्हता. सहा-शून्य झाले होते, आणि नऊ डाव जिंकणारा दोहाला जाणार होता.

दोहाला जायचं म्हणजे नुसती स्पर्धा खेळून परत यायचं नव्हतं. जॉर्डनमधल्या आमच्या इर्बिदहून गेलेल्या आधीच्या दोघांना तिथल्या एका क्लबनं शिकवायला ठेवून घेतलं. घर, पगार, राहायचा परवाना, सगळं. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन शाळेतल्या जागेची वाट बघत विद्यापीठाच्या रस्त्यावर मोबाइलच्या काचा बदलत होतो. कुतैबा बापाच्या दुकानात टायर बदलत होता. आमच्या आया सख्ख्या बहिणी. जुम्याची नमाज झाल्यावर दोघींनी मिळून एकाच पातेल्यात मकलूबा, मांस-भाज्यांचा भात, लावला होता, जिंकणाऱ्यासाठी. हरणाराही तोच खाणार होता.

"वसफी, खुर्चीला पालवी फुटेल रे आता!" मागून हुसनी ओरडला. तो दर जुम्याला हुक्का घेऊन त्याच कोपऱ्यात बसतो आणि त्यानं आयुष्यात क्यूची काठी हातात धरलेली नाही.

"हुसनी, तोंडात नळी ठेव," अबू नवाफ म्हणाले. हॉल त्यांचा, आणि पंचही तेच.

"काका, मी त्याच्या भल्याचंच सांगतोय. जागेवर बसून पाय सुजतात."

लोक हसले. कुतैबा हसला नाही. खडूनं क्यूचं टोक घासत तो टेबलाच्या डाव्या कडेला गेला आणि पांढरा बॉल कडेपासून वीतभर आत ठेवला. ती जागा मी शोधली होती.

आदल्या हिवाळ्यापर्यंत कुतैबाचा ब्रेक म्हणजे लाकूड फोडणं होतं. दणका मोठा, पण पांढरा बॉल कुठे जाईल याचा पत्ता नाही. मी मोबाइलवर त्याचे ब्रेक चित्रित केले, संथ करून पाहिले, आणि लक्षात आलं की बॉल एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर मधल्या ओळीच्या टोकाचा बॉल दर वेळी एकाच दिशेनं सुटतो. मग जोर कशाला? डावीकडून मध्यम ताकदीनं एक नंबरला बाजूनं कापायचं, म्हणजे उजव्या टोकाचा बॉल उजव्या कोपऱ्यातल्या पॉकेटात जातो आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबतो. समजलं मला. करता आलं त्याला. त्याचा हात शंभर वेळा तीच रेघ मारतो. माझा जोर लावताना शेवटच्या क्षणी उजवीकडे झुकतो. का, तेही मला माहीत आहे. माहीत असून तो झुकतोच.

आता मी खुर्चीतून माझाच शोध पाहत होतो. टक्. उजव्या टोकाचा बॉल पॉकेटात, पांढरा मध्यावर. मग एक, दोन, तीन, असं क्रमानं नऊपर्यंत. उठून त्याला नेम चुकायला लावता येत नाही, खोकता येत नाही, पाणी प्यायचं तरी त्याचा फटका होईपर्यंत थांबायचं. सात-शून्य.

मी पुन्हा बॉल लावायचा त्रिकोण घेऊन गेलो. बॉल ठेवले, मागून बोटांनी पुढे दाबले, त्रिकोण उचलला. एक नंबर किंचित पुढे सरकला. मी वाकून पाहिलं. त्याच्या खाली कापडावर चिकटवलेली गोल चकती फाटून अर्धी वर आली होती.

मला काहीच बोलायची गरज नव्हती. मावसभावानं लावलेले बॉल कुतैबा तपासत नसे. पण एक नंबर आणि मागचे दोन बॉल यांच्यात सिगारेटच्या कागदाएवढी फट होती, आणि तेवढ्यानं त्याचा ब्रेक मरतो हे या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

"थांब," मी म्हणालो. "फट आहे. चकती फाटलीय."

अबू नवाफनी नखानं चकती खरवडून काढली. खाली कापडाला खड्डा पडलेला होता. अख्खा हिवाळा आम्ही याच टेबलावर ब्रेक मारले होते. तो खड्डा आमचाच होता. मी बॉल पुन्हा लावले. एक नंबर पुन्हा खड्ड्यात घरंगळला.

"दुसरी चकती नाही?" मी विचारलं.

"अम्मानहून येणार होत्या, आल्या नाहीत. आणि बाकीची टेबलं लहान आहेत, त्यावर निवडीचा सामना होत नाही."

तिसऱ्यांदाही तेच झालं.

कुतैबा जवळ आला. "वसफी, सात डाव बरोबर लागले. आत्ताच कसा लागत नाही?"

"तू लावून बघ."

त्यानं लावले. फट तशीच. अबू नवाफनी लावले. फट त्यांच्यानंही मिटली नाही. शेवटी त्यांनी हात झटकले. "आहे तसं खेळा. फट आहे ती दोघांनाही आहे. चला."

कुतैबानं पांढरा बॉल डाव्या कडेला ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे वळून, हिवाळाभर विचारायचा अगदी तसंच विचारलं, "कुठून मारू?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग हॉलमध्ये हशा फुटला. हुसनीला धुराचा ठसका लागला. "अरे, खाटकाला विचारतोय बोकड, मान कशी धरू!"

"काका," कोणीतरी विचारलं, "हे नियमात बसतं का?"

अबू नवाफनी विचार केला. "बाहेरच्यानं सांगू नये, असा नियम आहे. समोरच्या खेळाडूनं सांगू नये, असा काही नाही. इतका येडा कोणी असेल असं वाटलं नसेल नियम करणाऱ्यांना."

कुतैबा हसत नव्हता. तो वाट बघत होता.

उत्तर मला माहीत होतं. एक नंबर सुटा असताना त्याला कापलं तर तो एकटाच बाजूला पळतो, धक्का मागे पोचत नाही. कडेवरून मारायचंच नाही. मध्यरेषेपासून चार बोटं डावीकडे बॉल ठेवायचा आणि एक नंबरच्या बरोबर तोंडावर हाणायचा, म्हणजे तो आधी मागे जाऊन फट मिटवतो आणि मग सगळे बॉल एकदम फुटतात. खोटं सांगायला फार लागत नव्हतं. "आहे तिथूनच, जरा जोरात," एवढं पुरलं असतं. माझं मन तिथपर्यंत गेलंही.

"आज नाही सांगणार," मी म्हणालो. "मला या खुर्चीतून उठायचंय."

हसू थांबलं. कुतैबानं मान हलवली, जणू मी त्याला जागाच सांगितली होती. तो कडेलाच राहिला आणि त्यानं जुन्या ताकदीनं हाणलं. एक नंबर बाजूला पळाला, पांढरा बॉल उडून टेबलाबाहेर पडला आणि घरंगळत हुसनीच्या हुक्क्याला लागला.

"फाउल," अबू नवाफ म्हणाले. "वसफी, ऊठ बाबा."

मी उठलो. गुडघे आखडले होते. पांढरा बॉल हवा तिथे ठेवायचा हक्क माझा होता. घाई न करता, साधे फटके मारत मी नऊपर्यंत गेलो. सात-एक. "उठला रे, उठला!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कुतैबा माझ्या खुर्चीत बसला होता. मग उठून त्यानं बॉल लावले, फटीसकट.

आता ब्रेक माझा. मी पांढरा बॉल हातात घेतला आणि तेव्हा मला कळलं. तो ठेवायचा कुठे? उत्तर होतं एकच. चुकीच्या जागी ठेवला तर बॉल पडणार नाही. बरोबर जागी ठेवला तर सगळ्या हॉलसमोर मी उत्तर लिहून देणार. आणि ते वाचायला समोर कुतैबा बसला होता, क्यू गुडघ्यांवर आडवा धरून, डोळे माझ्या बोटांवर.

अबू नवाफनी घसा खाकरला. "सामना आजच संपवायचाय, वसफी."

मी बॉल मध्यरेषेपासून चार बोटं डावीकडे ठेवला. नेम धरला. हाणला. शेवटच्या क्षणी क्यू उजवीकडे झुकला. पांढरा एक नंबरच्या तोंडावर लागण्याऐवजी थोडा बाजूला लागला. बॉल छान पसरले, एकही पडला नाही. एक नंबर मधल्या पॉकेटासमोर, दोन त्याच्यापुढे, सगळा रस्ता मोकळा.

मी खुर्चीकडे गेलो. ती अजून गरम होती.

कुतैबानं तो डाव संपवला. आठ-एक. मी बॉल लावले. तो डाव्या कडेला गेलाच नाही. मध्यावर उभा राहिला, टेबलावर चार बोटं टेकवून जागा मोजली, पांढरा बॉल ठेवला, आणि त्याच्या त्या न झुकणाऱ्या हातानं एक नंबरच्या तोंडावर हाणलं. दोन बॉल पडले. पुढे बघायची गरज नव्हती, पण दुसरीकडे बघायलाही काही नव्हतं. तळघराला खिडकी नाही.

नऊ नंबर गेल्यावर लोक त्याच्याभोवती जमले. कोणी खांद्यावर घेऊ बघत होतं, कोणी जिन्यातूनच फोनवर त्याच्या आईला ओरडून सांगत होतं. ती बातमी माझ्या आईलाही तिथेच, त्याच चुलीपाशी कळली असणार. गर्दी बाजूला सारत कुतैबा माझ्याकडे आला आणि त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"देव तुझं भलं करो, वसफी."

"मी काही सांगितलं नव्हतं."

"माहितीय. म्हणून तर नीट बघितलं." त्यानं हात सोडला नाही. आवाज खाली आणला. "तिथली टेबलं वेगळी असणार. कापड नवं, बॉल वेगळे. मी ब्रेकचे व्हिडिओ पाठवले, तर बघून सांगशील ना?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पाठव," मी म्हणालो. "बाजूनं नको, वरून घे. बाजूनं फट दिसत नाही."