पिठाचे हात

"लांब! लांब हो आधी!" बेकरीवाला दारातूनच ओरडला आणि त्याने दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले.

समोर कोण, तर त्याचीच मुलगी! परीक्षा पास झाल्याचं सांगायला धावत आलेली, आणि बाप तिला रस्त्यातच थोपवतोय. पण करणार काय? मिरचीला, म्हणजे घरातले सगळे तिला मिरचीच म्हणायचे, गहू अजिबात चालायचा नाही. त्यातल्या ग्लुटेनने तिची आतडी सोलवटायची. चिमूटभर पीठ पोटात गेलं तरी आठवडाभर अंथरूण! म्हणून हा रोज मागच्या मोरीत खसाखसा आंघोळ करायचा, कपडे बदलायचा, आणि मगच घरात. बेकरीचा उंबरा तर तिने जन्मात ओलांडला नव्हता.

अशात एक दिवस पीठवाला आला, अगदी उड्या मारतच.

"शेठ, परवानगी मिळाली! नवा गहू आलाय. जनुकात बारीक कातरकाम करून, पोरीला बाधतं ना, तेच काढून टाकलंय. इतके दिवस प्रयोगाच्या जाळीत कोंडलेला होता. आता कुणीही पेरा, कुणीही विका!"

बेकरीवाल्याच्या हातातला गोळा हातातच राहिला. तसाच धावत तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "करून बघू. आधी कणभर, मग घास, मध्ये मध्ये रक्त तपासू. पण जुना गहू त्यात जराही मिसळता कामा नये हं."

तिथेच घोडं अडलं! कारण पीठवाला म्हणाला, "गोणीवर वेगळं काही नसतं. लिहायची सक्तीच नाही. दिसायला तोच, चवीला तोच. आम्ही दोन्ही एकाच चक्कीत दळतो."

"आणि माझ्या मुलीने ओळखायचा कसा? वास घेऊन?"

"एका पोरीसाठी आम्ही दुसरी चक्की टाकायची का, शेठ?"

"तू नको टाकूस. मी टाकतो."

आणि टाकली की! गहू थेट शेतावरून आणायचा, दळायचा इथेच. पण एका छताखाली दोन पिठं कशी चालतील? जुनं पीठ हवेत उडणारच. मग त्याने जुना गहूच बंद केला. भिंती खरवडल्या, परात, फळ्या, साचे सगळे नवे घेतले.

"दुकान बुडवणार तुम्ही," बायको म्हणाली.

"बुडू दे."

मग तो दारावर रंगाने लिहायला लागला : *इथे फक्त नव्या, जनुक बदललेल्या गव्हाचा पाव मिळेल.* पीठवाल्याने डोक्याला हात लावला. "अहो, कायदा लिहा म्हणत नाही, तर कशाला लिहिताय? गिऱ्हाईक बिचकेल!"

"बिचकू दे. माझ्या पोरीला कळायला हवं, तसं त्यांनाही कळायला हवं."

बायको इतका वेळ बघत होती. तिने ब्रश हिसकावला. "अक्षर तरी धड काढा. इकडे द्या."

गिऱ्हाईक बिचकलंच. निम्मे लोक समोरच्या दुकानात गेले. जे राहिले तेही कुरकुरायचे, कारण ग्लुटेनच नाही म्हटल्यावर नवा पाव फुगायचाच नाही. "हा पाव आहे की चपलेचा तळ?" शेजारचा शिंपी रोज विचारायचा, आणि रोज दोन घेऊन जायचा.

इकडे घरी मिरचीने आधी कणभर खाल्ला, मग घासभर, मग अर्धा. तिला काही झालं नाही! रक्ताचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला, तशी ती डॉक्टरीणबाईंकडून थेट बेकरीवर आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि सरळ आत.

बेकरीवाला कणीक मळत होता. ती दिसताच त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"बाबा, हात."

"अगं, पीठ आहे."

"माहितेय. दाखवा ना."

त्याने मान हलवली, पण हात काही पुढे येईनात. इतक्या वर्षांची सवय ती! शेवटी तीच वळसा घालून मागे गेली आणि तिने ते दोन्ही हात धरले, पिठासकट. तिच्या मनगटापर्यंत पांढरं झालं.

फळीवर सकाळचे निम्मे पाव अजून तसेच होते.