आर्डिसने गोधडी चिकटवली तो दिवस

ट्रॉयचं लग्न ठरलं तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. आपल्या घरात आता लग्न म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या पत्रिका, हे त्याच्या आईने, आर्डिस टोफ्टेने, केव्हाच मनाशी धरून टाकलं होतं. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी तो रॉक्सॅनला घेऊन जेवायला आला आणि ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेता घेता म्हणाला, "फेब्रुवारीत लग्न करतोय आम्ही," तेव्हा आर्डिसच्या हातातला डाव तसाच राहिला.

तिच्या नवऱ्याने, हार्लनने, शांतपणे तोंडातला घास संपवला. "एवढी घाई कसली रे? साठी तरी येऊ द्यायचीस."

रॉक्सॅन अशी खळखळून हसली, की आर्डिसला ती तिथल्या तिथे आवडून गेली.

टोफ्टेंच्या घरात लग्न म्हटलं की आर्डिसच्या हातची गोधडी, हे ठरलेलं होतं. पुतण्यांना झाल्या, भाच्यांना झाल्या, शेजारच्या एका पोरीला तर दोनदा झाली, कारण तिची लग्नंही दोन झाली. ट्रॉयच्या गोधडीचा वरचा भाग आर्डिसने तो कॉलेजात असतानाच जोडून ठेवला होता. निळ्या-पांढऱ्या चांदण्यांचा. इतकी वर्षं तो देवदारी पेटीत घडी होऊन पडला होता. आता त्याखाली कापसाचा थर घालायचा, त्याखाली अस्तर, आणि तिन्ही थर हलू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालून घ्यायचे. ते झालं की पुढचं शिवण मशीनवर होणार होतं.

अडलं ते कच्च्या टाक्यांपाशीच. पूर्वी हे काम चर्चच्या तळघरात चालायचं. टेबलं जोडायची, गोधडी ताणायची, चौघी-पाचजणी लांब सुया घेऊन कडेने बसायच्या आणि गावातल्या झाडून सगळ्यांची निंदा होईतो काम उरकायचं. त्यातल्या दोघी आता चर्चमागच्या दफनभूमीत होत्या, एक थंडीला कंटाळून अॅरिझोनात लेकीकडे गेली होती. उरली ती व्हर्ना, तिचं कमरेचं ऑपरेशन झालेलं. आणि आर्डिसची स्वतःची बोटं संधिवाताने अशी वळली होती, की सुई धरायची म्हटलं तर ती आधी जमिनीवर शोधायला लागायची. पिना लावून बघितल्या. पिन उघडायची, पण मिटायची नाही.

"अगं, आता टाके घालतंय कोण?" व्हर्ना फोनवर म्हणाली. "गोंदाचा फवारा मिळतो डब्यात. फवारायचा, कापड पसरायचं, हात फिरवायचा. धुतलं की गोंद निघून जातो."

"आपल्या आयांनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणायच्या कसल्या! हातातून डबा हिसकावून घेतला असता त्यांनी."

डबा आला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मोकळ्या हवेत वापरा, वास छातीत ओढू नका. आर्डिसने ते वाचलं आणि डबा सरळ गॅरेजमधल्या फळीवर नेऊन ठेवला. हार्लनची फुप्फुसं कामातून गेली होती. चाळीस वर्षं गुरांना बुरशी आलेलं गवत घालता घालता ती धूळ आत जाऊन बसली होती. आता नुसता कांदा करपला तरी तो खोकून खोकून खुर्चीला धरायचा.

तिने गॅरेजमध्ये करून बघितलं. पण नॉर्थ डकोटातला जानेवारी. श्वासाची वाफ मिशीवर गोठावी अशी थंडी. गोंद फवाऱ्यासारखा उडेचना, गुठळ्या होऊन पडला, आणि अस्तर लावलं तसं सुटून आलं. थंडी कमी होईल म्हणून तिने वाट बघितली. थंडी वाढली.

"तळघरात कर की," हार्लन म्हणाला.

"आणि तू?"

"मी वर माझ्या खोलीत बसतो दार लावून. दाराखाली टॉवेल कोंब हवा तर."

"नको."

"मी काय काचेचा आहे?"

"तू नाहीस. तुझी फुप्फुसं आहेत."

तो हसला, मग खोकला, आणि खोकला ओसरल्यावर म्हणाला, "पोराचं लग्न आहे, आर्डिस. माझ्याच्याने दोन खुर्च्या उचलायच्या होत नाहीत. निदान दार लावून गप बसणं तरी मला करू दे."

तिने गॅरेजमधला डबा तळघरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने त्याला खोलीत बसवलं. गुडघ्यांवर शाल, हाताशी श्वासाच्या औषधाचा पंप, काठी, पाण्याचा ग्लास. दाराखाली टॉवेल. तळघरात उतरून तिने जिन्याचं दार लावलं, वरच्या अंगाची छोटी खिडकी उघडली, आणि खाली जमिनीवर कापूस पसरून डबा हलवायला घेतला. घर तापवणारी भट्टी तिथेच कोपऱ्यात होती, घर बांधलं तेव्हापासूनची. ती तळघरातली हवा आत ओढते, तापवते आणि पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत सोडते, हे आर्डिसला माहीत नव्हतं असं नाही. हार्लनला तर तिचा स्क्रू न् स्क्रू माहीत होता. पण जे रोज चालू असतं त्याच्याकडे माणसाचं लक्ष जात नाही. खिडकी उघडल्यामुळे घर गार पडायला लागलं, आणि घर गार पडतंय म्हणून भट्टी न थांबता चालू राहिली.

व्हर्ना म्हणाली होती ते खरं होतं. फवारलं, पसरलं, हात फिरवला की कापड जिथल्या तिथे बसत होतं. बोटांचं कामच नव्हतं, तळहात पुरत होता. अर्धी गोधडी झाली तेव्हा आर्डिसला इतकं बरं वाटलं, की ती जिन्याच्या पायरीवर बसून स्वतःशीच हसली. उरलेल्या अर्ध्या भागावर तिने फवारा मारला आणि तेवढ्यात वर काठी वाजली. ठक, ठक.

ही काठी ती रोज ऐकायची. कॉफी हवी असली की हार्लन अशीच जमीन ठोकायचा.

"आले रे!" ती ओरडली. "गोंद मारलाय, एवढं कापड टाकते आणि येते!"

पुन्हा वाजली. मग एकदाच, हळू.

"जरा धीर धर की, बाबा!"

तिने कापड टाकलं. मधून कडेकडे हात फिरवला. एक सुरकुती पडली होती, ती सोडवून पुन्हा बसवली. मग कठड्याला धरून ती वर आली, कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, आणि त्याच्या खोलीचं दार ढकललं.

दार उघडताच तळघरातला तोच गोडसर, घशाला झोंबणारा वास तिच्या अंगावर आला. खोलीत तो खालच्यापेक्षा जास्त होता. हार्लन खुर्चीत नव्हता. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून तो उभा होता, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि प्रत्येक श्वासाला गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. खिडकी बाहेरून बर्फाने जखडली होती. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते.

"हार्लन! अरे देवा!"

पंप खाली पडला होता. तिने तो उचलून त्याच्या तोंडाला लावला आणि दाबायला गेली, तर अंगठा दबेचना. दोन्ही हातांत धरून तिने तळहाताने जोर केला. औषध गालावर उडालं. पुन्हा केला. थोडं आत गेलं असावं. तिने फोन लावला, पत्ता सांगितला, पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघते आहे, पण तुमच्या रस्त्यावर बर्फ साचलाय, पुढे बर्फ बाजूला सारणारी नांगरगाडी चालवावी लागेल.

तिने त्याला बखोटीला धरून पुढच्या दाराशी आणलं आणि दार उघडलं. बाहेरची हवा त्याच्या छातीत गेली मात्र, आणि छाती अशी आवळून आली, की तिला वाटलं संपलंच. तिने दार धाडकन लावलं. आत गोंद, बाहेर ती थंडी. दोन्हीकडची हवा त्याला चालत नव्हती, आणि तिसरी तिच्याकडे नव्हती.

शेवटी बूट काढायच्या चिंचोळ्या जागेत, आतल्या आणि बाहेरच्या दाराच्या मधे, तिने त्याला बाकावर बसवलं. खुंटीवरचे सगळे कोट त्याच्याभोवती लपेटले, स्वतःचा स्कार्फ त्याच्या तोंडावर धरला आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. भट्टी बंद करायला तळघरात जावं तर त्याला सोडावं लागत होतं. त्याने तिचं मनगट पकडलं होतं. आत चुलीवर कॉफी उतू जाऊन करपत होती. तिने सोडलं नाही, आणि त्यानेही सोडलं नाही. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रुग्णवाहिकेवरचा स्वयंसेवक डॅरल ब्राटेन आत शिरला तेव्हा त्याच्या बुटांना गुडघ्यापर्यंत बर्फ लागला होता. एरवी तो गावातल्या धान्याच्या कोठारावर असायचा, आणि लहानपणी चर्चमध्ये आर्डिसच्या रविवारच्या वर्गात शिकलेला.

"आर्डिस, हात सोडा त्यांचा. मला मास्क लावू द्या."

"तोच सोडत नाहीये रे."

डॅरलने हार्लनची बोटं एकेक करून सुटी केली.

हार्लन जगला. पण तालुक्याच्या गावातल्या इस्पितळात डॉक्टर म्हणाली, की आता ऑक्सिजनच्या नळीशिवाय भागणार नाही, आणि घरी एकट्या बायकोच्या भरवशावर तर नाहीच. तिथल्याच वृद्धाश्रमात जागा मिळाली. लग्न ठरल्या दिवशीच झालं, हार्लननेच तसा हट्ट धरला. आर्डिस चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली, शेजारची जागा रिकामी, आणि केक कोणता होता हे तिला नंतर आठवलं नाही.

एका दुपारी त्याच्या पलंगाशी बसून तिने त्या दिवसाचा विषय काढला. "तू ठोकत होतास. मी ऐकलं होतं, हार्लन. आणि मी कापड नीट करत बसले."

तो दोन शब्द बोलायचा, मग थांबायचा. "कॉफी... हवी होती."

"खोटं बोलू नकोस."

"काळी. बिनसाखरेची."

खोटं त्याला कधीच जमलं नव्हतं. पण तो त्यावर अडून बसला, पुढे कधीही विचारलं तरी कॉफीच म्हणाला. आर्डिसला ना त्याच्यावर विश्वास ठेवता येत होता, ना त्याला ते कबूल करायला लावता येत होतं.

मार्चमध्ये ट्रॉय आणि रॉक्सॅन घरी आले. आर्डिस तेव्हापासून तळघरात उतरली नव्हती. रॉक्सॅन उतरली, आणि बऱ्याच वेळाने जिन्यातून तिने हाक मारली, "आई, एका कोपऱ्यात सुरकुती राहिलीये. गोंद अजून सुटतोय. तुम्ही सांगाल तसं मी परत लावून घेते."

"तशीच घेऊन जा."

"पण एवढी सुंदर..."

"घेऊन जा ना, पोरी."

ट्रॉय म्हणाला, "आई, तू काय हे मुद्दाम केलंस?"

"नाही," आर्डिस म्हणाली. ते खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांची गाडी गेली. दोन दिवसांनी पुन्हा वादळ आलं आणि रस्ता बंद झाला. आर्डिसने वृद्धाश्रमात फोन लावला. नर्स म्हणाली, आज त्यांना बोलायला जमणार नाही, पण मी फोन त्यांच्या कानाशी धरते. मग पलीकडे काहीच नव्हतं, फक्त यंत्राची घरघर आणि तिच्याखालून त्याचा श्वास, आत जाताना अडखळणारा.

"हार्लन, मी आहे," ती म्हणाली. "नांगरगाडी अजून आली नाही. टपालपेटी दिसतच नाहीये. गोठ्याच्या उत्तरेला बर्फ छतापर्यंत साचलाय, तू बघितलं असतंस तर शिव्या घातल्या असत्यास." ती थांबली. श्वास आत गेला, आणि बाहेर यायला वेळ लागला. "उद्या मोकळा होईल म्हणतायत रस्ता," ती म्हणाली. असं कुणी म्हटलं नव्हतं.