बोलकी पाटी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, मागे लोक भिंतीला टेकून टाचा उंचावत उभे राहिले. मंचावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती. जन्मल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. तिच्यासमोर अक्षरांची पाटी उभी केली होती आणि तिचं मनगट पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईंच्या हातात होतं. मुलीचं बोट या अक्षरावरून त्या अक्षरावर टकटक करत फिरत होतं आणि शेजारी उभे असलेले, ही पद्धत शिकवणारे सर माइकवर शब्द वाचून दाखवत होते.

"मी... मुकी... नाही. तुम्ही... बहिरे... आहात."

मग कुठूनतरी एक हुंदका आला, आणि त्यापाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट.

"ऐकलंत?" सर म्हणाले. त्यांचा आवाज असा, की त्यांनी बसचं वेळापत्रक वाचलं असतं तरी लोकांचे डोळे पाणावले असते. "तज्ज्ञ म्हणतात, हिला शिकवायला हवं. अहो, हिला काय शिकवता? ही तुम्हाला शिकवायला आलीय! हा साधा स्पर्श नाही. हा विश्वासाचा विद्युतप्रवाह आहे. या मनगटातून निघतो तो थेट मेंदूत जातो आणि आतला दिवा लागतो!"

पहिल्या रांगेत मुलीचा बाप बसला होता. धंद्याने लिफ्टदुरुस्तीवाला. एरवी असला प्रवाह कुणी सांगितला असता, तर त्याने आधी खिशातला टेस्टर काढला असता. पण स्वतःच्या लेकराचा प्रश्न आला की भल्याभल्यांचा टेस्टर खिशातच राहतो. तो ढसाढसा रडत होता. शेजारी त्याची आई पदर तोंडाला लावून बसली होती.

मुलीच्या आईच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, "बाई आहे की दगड?"

तिलाही तोच प्रश्न पडला होता. लेक बोलली, आणि आपल्याला काहीच कसं होत नाही? दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसं तिला सगळ्या अंगभर झालं होतं. आजचंच नव्हतं हे, गेली काही वर्षं असंच चाललं होतं.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती स्वतःभोवती गिरक्या घेत राहायची. तिला घेऊन आईने किती दवाखाने पालथे घातले असतील त्याला गणती नाही. शेवटी एका वर्तनोपचार केंद्रात भिंगरी थोडंथोडं शिकू लागली. हात धुणं, बूट घालणं, चित्राचं कार्ड देऊन पाणी मागणं. मुंगीच्या पावलांनी, पण शिकत होती. ते बघून आईनेच तिथलं टेक्निशियनचं, म्हणजे मुलांना हे सगळं शिकवणाऱ्याचं, प्रशिक्षण सुरू केलं. स्वतःच्या मुलीची टेक्निशियन होता येत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या मुलांना तरी शिकवीन." खरं तर तिला घराबाहेर बसायला एक खुर्ची हवी होती.

आता त्या खुर्चीवरही गदा आली.

"पोरगी वाक्यंच्या वाक्यं लिहायला लागली," नवरा म्हणाला, "आणि तू अजून हात धुवायला शिकवायचं शिकणार?"

"प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आलीय. तेवढी देते."

"दे बापडी. पण भिंगरीला आता त्या केंद्रात पाठवायचं नाही. तिनेच लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. मंचावर मनगट धरणाऱ्या त्या बाईंना सगळे पाटीताई म्हणत. त्या दर आठवड्याला घरी यायच्या, मनगट धरायच्या, आणि पाटीवर उमटायचं, 'मला कार्डं नकोत. मी कार्डांच्या पलीकडे गेले आहे.' सासूबाईंना लिहून मिळालं, 'आजी, तू माझं पहिलं घर आहेस.' त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत, नुसत्या नातीकडे बघत बसल्या. अशा घरात शंका काढायची म्हणजे भरल्या ताटात माती कालवण्यासारखंच.

आणि त्याच सुमाराला भिंगरी स्वतःच्या जबड्यावर बुक्क्या मारू लागली. डावीकडेच. गाल लालबुंद व्हायचा. आईने तिला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, तर पाटीताईंनी आधी पाटी उभी केली.

'दुखत नाही. जुनं मौन बाहेर पडत आहे. औषध देऊ नका. औषधाने माझे शब्द विझतील.'

"घ्या!" फोनवरून सर म्हणाले. "मूल स्वतः सांगतंय आणि तुम्ही डॉक्टरला विचारणार? मग मूल कुणाचं, तुमचं की डॉक्टरचं?"

नवऱ्याने गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली.

प्रशिक्षणाच्या वर्गात त्या आठवड्यात मदतीचा धडा होता. शिकवणाऱ्या मॅडम उंच, हडकुळ्या आणि बोलायला रोखठोक. त्यांनी एका प्रशिक्षणार्थीला मूल व्हायला लावलं आणि भिंगरीच्या आईला म्हणाल्या, "हिला नळ सोडायला शिकवा."

तिने 'मुला'च्या हातावर हात ठेवून नळ सोडला.

"छान. आता नळ सोडायला कोण शिकलं?"

"हीच ना?"

"कशावरून? हात तर तुमचा होता." मॅडमनी तिचा हात उचलून 'मुला'च्या मनगटावर ठेवला, मग कोपरावर, मग खांद्यावर, मग बाजूलाच केला. "मदत करायला कुणालाही येतं. ती काढून कशी घ्यायची, हे शिकायला तुम्ही इथे आलात. मदत निघत नसेल तर मूल शिकलं असं लिहायचं नाही. तुम्हाला कितीही वाटलं तरी नाही. आपणही चुकतो. पण चूक कळायची सोय आपण ठेवतो, म्हणून याला प्रशिक्षण म्हणायचं."

घरी आल्यावर तिला पाटीताईंचा हात आठवला. इतके महिने झाले, तो मनगटावरून बोटभरही मागे सरकला नव्हता.

सरांचंही प्रशिक्षण होतं. शनिवारी सुरू, रविवारी संपलं. परीक्षा नाही, कुणी उभं राहून बघणं नाही, पण प्रमाणपत्राला सोनेरी किनार. नवऱ्याच्या आग्रहाने ती गेली. रविवारी दुपारी तिने भिंगरीचं मनगट धरलं, आणि बोट हललं. आ. ई. पुढे, 'मी तुझ्यावर रागावले नाही.'

वर्षानुवर्षं तिला हेच एक वाक्य ऐकायचं होतं. आता तरी आत काही हलायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या एवढंच ध्यानात आलं, की 'रागावले'तला 'रा' उमटायच्या आधीच तिला तो माहीत होता. आणि भिंगरी पाटीकडे बघतही नव्हती. ती वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होती.

तिने घरी येऊन डोळे मिटले आणि एका बोटाने पाटीवर स्वतःचं नाव लिहून पाहिलं. धड एक अक्षर बरोबर लागलं नाही.

ती कुणालाच काही बोलली नाही. बोलून तरी काय उपयोग? पण पुढच्या भेटीत पाटीवर उमटलं, 'मला सरांच्या निवासी केंद्रात राहायचं आहे. आई, मला अडवू नकोस.' नवऱ्याने बॅग भरायला घेतली. सासूबाई रडल्या, पण म्हणाल्या, "पोरीची इच्छा आहे, आपण कोण अडवणार?"

न्यायच्या दिवशी सर स्वतः आले, सोबत पाटीताई. शेजारीपाजारी दारात जमले. भिंगरी बॅगेशेजारी बसून जबड्यावर मारत होती.

"सर," आई म्हणाली, "जायच्या आधी एक करू या. मी तिला चित्रं दाखवते, तिने नाव लिहायचं."

"अवश्य!" सर दाराकडे वळून म्हणाले. "शब्दांच्या महासागराला चित्रांचं काय?"

तिने वर्गातली चित्रं आणली होती. पहिलं चित्र छत्रीचं, भिंगरीला आणि पाटीताईंना एकदमच दाखवलं. पाटीवर उमटलं, छत्री. दारातून टाळ्या आल्या. मग तिने दोघींच्या मध्ये एक पुठ्ठा उभा धरला. अलीकडे एक चित्र, पलीकडे एक.

"आता काय दिसलं ते लिही, भिंगरी."

पाटीताईंनी मनगट उचललं. बोट टकटक चाललं. चप्पल.

आईने पुठ्ठा फिरवून सगळ्यांना दाखवला. पाटीताईंच्या बाजूला चप्पल होती. भिंगरीच्या बाजूला केळं.

"पुन्हा करा," नवरा म्हणाला.

पुन्हा केलं. भिंगरीसमोर घड्याळ, ताईंसमोर मासा. पाटीवर मासा. तिसऱ्या वेळी ताईंची बाजू कोरी ठेवली. बोट बराच वेळ हवेत घुटमळलं आणि मग लिहिलं गेलं, 'प्रेम.' भिंगरीच्या बाजूला बादली होती.

"ही मुलाची विटंबना आहे!" सर गरजले. "जिथे संशय, तिथे प्रवाह खंडित होतो. ती घाबरली. म्हणून तिने चुकीचं लिहिलं."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. बंद पडलेली लिफ्ट बघताना कपाळावर पडते तशी आठी त्याच्या कपाळावर होती.

"घाबरली असती तर काहीही लिहिलं असतं, सर," तो सावकाश म्हणाला. "चप्पलच कशी लिहिली? मासाच कसा लिहिला? तिला तर ते दिसलेच नव्हते."

सरांनी उत्तरादाखल घड्याळ पाहिलं. त्यांना दुसरीकडे पोचायचं होतं म्हणे. दारातल्या लोकांनी वाट करून दिली. कुणी पाया पडलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत.

पाटीताई जागच्या हलल्या नाहीत. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "शप्पथ घेते. मला वाटायचं, तीच ओढतेय माझा हात."

"मलाही तसंच वाटलं होतं," आई म्हणाली. "मीही धरून पाहिलं ना. आपल्याला जे अक्षर हवं असतं, तिकडे हात आपोआप जातो. इतका हळू जातो की आपल्यालाच कळत नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हता, ताई. पण लिहीत तुम्हीच होता."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मग ते 'पहिलं घर'?"

पाटीताईच पुटपुटल्या, "माझी आजी गेली, त्या आठवड्यातलं आहे ते."

सासूबाई उठून आत गेल्या. मागोमाग नळ सोडल्याचा आवाज आला. आई ऐकत उभी राहिली. आपण घरातला एकुलता एक दिवा विझवला, हे तिला कळत होतं. कळत होतं, एवढंच.

मग ती वर्गात शिकल्याप्रमाणे लेकीकडे बघत बसली. बुक्की कधी मारते? त्याच्या आधी काय होतं? संध्याकाळपर्यंत सरळ दिसलं. थंड पाण्याचा घोट घेतला की मारते. डावीकडे घास गेला की मारते. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याने डावी दाढ बघितली आणि तो दोघांवर भडकलाच. "हिरडीत पू झालाय! इतके दिवस काय करत होतात?" नवऱ्याने मान खाली घातली. मौन वगैरे काही बाहेर पडत नव्हतं. पोर ठणकावून सांगत होती, आणि घरचे पाटी वाचत होते.

दाढ निघाली. बुक्क्या थांबल्या. सासूबाई कितीतरी दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. नंतर बोलू लागल्या, पण भाजी चिरण्यापुरतं.

प्रात्यक्षिक परीक्षेत तिला एका मुलाला डबा उघडायला शिकवायचं होतं. मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. तिने मदत दिली, कमी केली, काढली. मुलाने झाकण आपणहून उघडलं. मॅडम म्हणाल्या, "पास." पुढे लेखी परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं. साधंच, आणि ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा घेऊन टिकवायचं.

भिंगरी केंद्रात परत जाऊ लागली. तिथल्या टेक्निशियन मुलीने तिला एक नवं कार्ड शिकवलं, 'नको'चं. एके दिवशी आई तिला जवळ घेऊन बसली होती, जरा घट्टच. भिंगरीने हात लांबवून ते कार्ड उचललं आणि आईच्या हातात ठेवलं. कुणी मनगट धरलं नव्हतं, की कोपराला हात लावला नव्हता. आईने मिठी सोडली. लेक उठून खिडकीशी गेली. आई कार्डाकडे बघत राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिला कळलं की आपला गाल ओला आहे.

आता ती दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. परवा केंद्राच्या बाकावर एक बाई तिच्याशेजारी येऊन बसली. मांडीवर मुलगा, पिशवीत अक्षरांची नवीकोरी पाटी.

"तुमची मुलगीसुद्धा लिहायची ना? सगळे सांगतात. मग बंद का केलंत? इतकं सुंदर लिहायची म्हणे."

"सुंदर होतं," ती म्हणाली. "तिचं नव्हतं."

"सर म्हणतात, शंका घेणारी आई मुलाची वैरीण."

"शंका घेतली नाही म्हणून माझ्या पोरीच्या हिरडीत पू झाला. हे बघा, तुम्ही सरांचं ऐकू नका आणि माझंही ऐकू नका. मुलाला एकट्याला काहीतरी दाखवा. मनगट धरणाऱ्याला ते दिसू देऊ नका. मग विचारा. खरं असेल तर खऱ्याचं काहीच बिघडणार नाही. आणि खोटं निघालं तर हात सोडा. मागे जे उरेल ते थोडंसंच असेल. पण ते तुमच्या मुलाचं असेल."