शेवटचा नग, डाव्या हाताचा

धाकट्याच्या माऊसचं बटण अखेर गेलं. डाव्या हातासाठी घडवलेला, उभट आकाराचा तो माऊस कंपनीने बनवणं कधीच बंद केलं होतं. साध्या माऊसवर त्याचं मनगट तासाभरात सुजायचं. असंच रेटलं तर हात कामातून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि घर त्या हातावर चालत होतं. थोरली ताई दुकानदारांच्या मालाचे, बहुतेक बुटांचे, फोटो काढायची, तो ते संगणकावर साफ करायचा.

ऑनलाइन शोध सुरू झाला. एका ‘नव्याकोऱ्या’ माऊसच्या तारेला चिकटपट्टी होती. किमती वाटेल त्या.

“शेवटचा नग पाच जणांकडे आहे,” ताई म्हणाली. “त्यातला शेवटचा कुठला?”

एका फोटोवर मात्र तो थांबला. मोठा करून कोपरा न् कोपरा तपासला.

“हा खरा. सावली बघ. ओरखडेसुद्धा पुसलेले नाहीत. नावाची अक्षरं झिजलीत, तीही तशीच ठेवलीत.”

“मूळ किमतीच्या चौपट सांगतोय.”

“फोटोत मला कोण फसवणार, ताई?”

“वैद्यबुवांना ताप येत नाही म्हणतात,” ती म्हणाली आणि पैसे भरले.

पार्सल आलं. ओरखडा न् ओरखडा फोटोतलाच होता, पण अंगठ्याची खाच दुसऱ्या बाजूला. माऊस उजव्या हाताचा होता. विकणाऱ्याने फोटो आरशातल्यासारखा उलटवला होता. सावलीही सोबत उलटली आणि अक्षरं झिजलेली, म्हणून सगळं जुळत होतं.

“एका बुटाचा फोटो उलटवून दुसऱ्या पायाचा बूट तू असाच करतोस ना?” ताईने विचारलं.

“रोज.”

तक्रारीला विकणाऱ्याचं उत्तर आलं: फोटोतलाच माल पाठवला आहे, जुना माल परत घेत नाही.

त्याने उजव्या हाताने काम करून पाहिलं. फोटोतला बूट कापून काढायला कडेने न्यायची रेघ टाचेतून आरपार गेली. मग साधा माऊस डाव्या हातात घेतला. तिसऱ्या बुटाला तो टेबलाखाली मनगट चोळू लागला. ताईने ते पाहिलं आणि बूटवाल्यांना फोन लावला.

“काका, यापुढे रोज निम्मेच फोटो होतील.”

पलीकडचे बराच वेळ बोलत राहिले.

“दुसरीकडे द्यायचे तर द्या, काका. तुमचंही बरोबर आहे.”

तिने फोन ठेवला. “बंद कर ते. हात दे इकडे.”

“हा एवढा बूट होऊ दे.”

“निम्मे म्हटलंय मी. निम्मे झाले.”