वाद्याविना दिवाळी

"मागं बघा, मागं असंल," माझी बायको उज्वला म्हणाली.

कॅसेटचं कव्हर उलटून मागेही बघितलं. मागे गाण्यांची यादी, छापखान्याचा पत्ता आणि एक पणती. पुढे चार नावं: शेखर, ललित, प्रतिभा, शुभांगी. पाचवा मी, देवराम. मी कुठेच नव्हतो. कॅसेट भिंतीवर आपटावी असं वाटलं, पण आत आई बसली होती.

ही अठ्ठ्याण्णवची गोष्ट. सातपूरच्या कंपनीतल्या आम्ही पाच जणांनी एकही वाद्य न घेता दिवाळीच्या गाण्यांची कॅसेट काढायची, हे खूळ ऑफिसातल्या शेखरचं. मी साधा फिटर. चौघं गायची आणि मी तोंडाने ढोलकी धरायचो. मधेच खर्जात घुमायचं, तेही माझ्याकडेच. तीन महिने रोज जेवताना उज्वला ओरडायची, "आधी घास गिळा, मग वाजवा."

दिवाळीची कॅसेट दसऱ्याआधी दुकानात लावायची, तर रेकॉर्डिंग पितृपक्षातच येणार, त्याला कोण काय करणार? स्टुडिओ मिळाला तो रविवार नेमका आमच्या वडिलांच्या, बहिरूंच्या तिथीचा. मी थोरला. आईने दारातच अडवलं.

"बापाच्या पानाला थोरला नाय, आन् तिकडं तोंड वाजवाया चालला?"

"भारत आहे ना."

"भारत धाकला हाय."

मी गेलोच. इकडे दोन वाजेपर्यंत कावळा पानाला शिवला नाही. शेवटी भारतने हात जोडून कबूल केलं, की दादाला समज देतो, तेव्हा कुठे एक आला.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवायची तोही आपटून. मी समोर बसलेलो असलो तरी भारतला सांगायची, "त्याला म्हणावं, भाकरी झाली." मी मनात म्हणायचो, कॅसेट येऊ दे एकदा, माझं नाव वाचून दाखवतो, मग कळेल कशासाठी गेलो होतो ते. आता काय वाचून दाखवणार, कपाळ?

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये शेखरला गाठलं.

"माझं नाव कुठंय?"

"अरे, ती गायकांची नावं आहेत. तू गातोस कुठे? तू वाजवतोस."

"आणि वर काय छापलंय? वाद्याविना दिवाळी! मग मी वाजवलं काय, तुझं डोकं?"

ललित ताटात बघत राहिला. प्रतिभा म्हणाली, "जाऊ दे ना देवराम, एवढ्याशा गोष्टीवरून काय!" हिचं नाव तिसऱ्या नंबरला होतं, हिला काय जातंय बोलायला!

शेखरने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे सरकवलं. "एवढी हौस असेल तर पेनने लिहून घे."

मी पेन उचललं आणि परत दिलंच नाही. त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नव्हती, आजही नाही.

घरी आलो तर आई दसऱ्याच्या बाजारासाठी झेंडूचे हार ओवत होती. भारतने हौसेने कॅसेट टेपमध्ये घातली, कान लावून ऐकली.

"दादा, तू कुठंय यात? ही तर ढोलकी."

"तोच मी."

"काय पण! खरीखुरी ढोलकी हाय ही."

सख्ख्या भावालाही पटेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाने. तेवढ्यात आई बोलली, अर्थात भारतशी.

"ढोलकी नाय ती. तुझा बाप मोट हाकताना असंच तोंडानं वाजवायचा. बैलं त्याच्यावर चालायची." मग आवाज चढवून म्हणाली, "त्याला म्हणावं, बाप दोन वाजेस्तोवर उपाशी ऱ्हायला. मी इसरले नाय."

विहिरीवर मोटर बसली तेव्हा मी पाळण्यात होतो, मला हे ठाऊकच नव्हतं. आजवर वाटायचं, ही कला माझी एकट्याची.

शेखरचं पेन काढलं आणि चार नावांखाली लिहिलं. आईला वाचता येत नाही.

"काय लिव्हलं त्यानं?" तिने भारतला विचारलं.

भारत घुटमळला. आमच्या घरात ते नाव कुणी नुसतं घेत नाही, आई तर कधीच नाही.

"ढोलकी, बहिरू," त्याने वाचलं.

आईने सुई खाली ठेवली. गाणी संपली, टेपचं बटण खटकन वर आलं, तरी ती तशीच बसून होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"त्याला म्हणावं," ती भारतला म्हणाली, "परत लाव."